एकाच जाजमावर : महाराष्ट्रांतील स्त्रीसंस्था आणि त्यांची सेविका-निवड

इ. स. १८५२ च्या संक्रांतीस, म्हणजे १४ जानेवारी रोजीं, पुण्यांत तिळगुळाचा एक समारंभ झाला. निमंत्रण सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाचें होतें आणि अध्यक्षस्थानीं पुण्याच्या कलेक्टरसाहेबांच्या पत्नी होत्या. संक्रांतीचा तिळगुळ हा कांहीं नवलाचा विषय नव्हे. तो घरोघर वाटला जातच होता. नवल होतें तें निमंत्रणांतील एका अटीचें. येणाऱ्या स्त्रिया कोणत्याही जातीच्या असोत, त्या सर्व एकाच जाजमावर बसतील, असें त्यांत आधींच कळविलेलें होतें. ज्या बाईस हें मान्य नसेल तिनें घरीं राहावें, हा त्याचा न लिहिलेला अर्थ. म्हणजे तें निमंत्रण निवडीचें साधनही होतें. कोणास घ्यावयाचें हें मंडळानें ठरविलें नाहीं. जाजम अंथरलें आणि त्यावर बसावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचें काम येणारीवर सोपविलें.

त्या काळीं बायकांनीं एकत्र जमण्याचे प्रसंग थोडे नव्हते. हळदकुंकू होतें, मंगळागौर होती, भोंडला होता, बारसें आणि डोहाळेजेवण होतें. परंतु बोलावणें कोणास जावें हें जात, नातें आणि सौभाग्य या तीन मापांनीं ठरत असे. विधवेस हळदकुंकवाचें बोलावणें येत नसे, आणि दुसऱ्या जातीची बाई आली तर तिची बैठक ओटीवर वा अंगणांत. बहीण जन्मानें मिळे. जाऊ आणि नणंद लग्नानें मिळत. विचारानें आणि निश्चयानेंही बहीण मिळवितां येते, ही कल्पना मात्र गृहस्थाश्रमांतील बाईला नवी होती. ती महाराष्ट्रांत कशी रुजली, अशा विचारानें जमलेल्या स्त्रियांनीं नव्या सोबतिणी कोणत्या कसोटीवर घेतल्या, आणि त्या कसोटीनें कोणास आंत आणलें व कोणास बाहेर ठेविलें, हा गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांतील एक महत्त्वाचा आणि कांहींसा दुर्लक्षित भाग आहे.

संसार सोडून व्रतानें एकत्र येणाऱ्या स्त्रिया आपल्या देशांत पूर्वींही होत्या. महानुभाव पंथांत तेराव्या शतकांतच महदाइसेसारख्या स्त्रियांनीं अनुसरण घेतलें होतें. वसईच्या भूमीला तर व्रतस्थ जीवनाची दुसरी एक परंपरा ठाऊक आहे. वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट साधूंच्या मठांच्या भिंती आजही उभ्या आहेत. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं किल्ला घेतला, साधू गेले, परंतु भोवतालच्या गांवांतील ख्रिस्ती समाज आपल्या शेतांत आणि वाड्यांत राहिला. पोर्तुगीज अमलांत गोव्यास सांता मोनिका हा स्त्रियांचा मोठा मठ १६०६ मध्यें सुरू झाला होता. पुढें काळ पालटल्यावर वसईच्या ख्रिस्ती घरांतील मुलीही निरनिराळ्या संघांत जाऊं लागल्या. अशा स्त्रीस तिकडे धर्मभगिनी असें म्हणतात, आणि या शब्दांतच सारें आलें : ही रक्ताची बहीण नव्हे, व्रताची बहीण आहे.

धर्मभगिनी होऊं इच्छिणाऱ्या मुलीस संघ एका दिवसांत आपली म्हणत नाहीं. प्रथम ती केवळ उमेदवार म्हणून राहते. नंतर नवदीक्षेचा काळ येतो; चर्चच्या नियमाप्रमाणें तो निदान बारा महिन्यांचा असावा लागतो. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांची तात्पुरती शपथ होते आणि तीही निदान तीन वर्षें चालते. त्यानंतरच आजन्म शपथ. या दीर्घ पद्धतींतील शहाणपण असें कीं, पारख दोन्ही बाजूंनीं होते. संघ मुलीला पाहतो, आणि मुलगीही संघाला पाहते. न जमल्यास आजन्म शपथेपूर्वीं परत जाण्याची वाट मोकळी असते. एकोणिसाव्या शतकांतील सुधारक स्त्रियांपुढें मात्र अशी आखलेली वाट नव्हती. त्यांच्या सोबतिणी घरांत राहणाऱ्या, सासूच्या नजरेखालीं वागणाऱ्या, अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या होत्या. त्यांच्यासाठीं कोणती पारख लावावी ?

या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर पंडिता रमाबाईंनीं दिलें. १८८२ च्या आरंभीं त्यांना वैधव्य आलें. लहानगी मनोरमा बरोबर होती आणि वय अवघें तेवीस-चोवीस. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या आणि १ जून रोजीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. समाजाचें दार शक्य तितकें रुंद ठेवलेलें होतें. यावें, ऐकावें, वाचावें, जमल्यास चार शब्द बोलावे, एवढीच अपेक्षा. ना शपथ, ना परीक्षा. परंतु हें रुंद दार वाटतें तितकें सोपें नव्हतें. सभेस गेलेल्या बाईला घरीं परतल्यावर काय ऐकावें लागे, हें न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत संयमानें पण स्पष्टपणें नोंदविलें आहे. पति अनुकूल, तरी घरांतील वडील बायकांचा रोष. सभेस जाणें म्हणजे मर्यादा सोडणें, अशी समजूत. तेव्हां समाजानें कसोटी लावली नाहीं असें दिसलें, तरी कसोटी घरानेंच लावली होती. तो रोष सोसून पुढच्या बैठकीस जी पुन्हां आली, ती खरी सभासद.

१८८३ मध्यें पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या आणि तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें अमेरिकेंतील मदतीच्या बळावर त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. विधवांना विद्या द्यावी, निवारा द्यावा, आणि धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ती करूं नये, या अटींवर रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर लोक सल्लागार मंडळांत आले. परंतु रमाबाई आपली प्रार्थना बंद दाराआड करीत नसत, आणि कांहीं मुली आपण होऊन त्या प्रार्थनेस बसूं लागल्या. सक्ती झाली नाहीं हें रमाबाईंचें म्हणणें. मुलींच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो हें सल्लागारांचें म्हणणें. १८९३ मध्यें हा तंटा विकोपास गेला. सल्लागारांनीं राजीनामे दिले, वर्तमानपत्रांनीं आग ओतली, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या.

या प्रकरणांत कोणाचें चुकलें याचा निवाडा शंभर वर्षें चालू आहे. परंतु ज्या मुली परत नेल्या गेल्या त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट उघड होते. संस्थेंत एकत्र आलेल्या मंडळींचें सर्वांस मान्य असें मूल्य कोणतें, हें दाराशींच नीट ठरलें नव्हतें. सल्लागारांस विधवांचें शिक्षण हवें होतें आणि धर्माचा प्रश्न निघूंच नये असें वाटत होतें. रमाबाईंस शिक्षण हवेंच होतें, पण स्वतःची श्रद्धा लपविणें त्यांना अप्रामाणिकपणाचें वाटत होतें. दोघांचे शब्द एक आणि अर्थ दोन. अशा वेळीं फूट पडते तेव्हां तिची किंमत संस्थापक देत नाहींत, सल्लागारही देत नाहींत. ज्यांना जावयाला दुसरी जागा नाहीं त्याच ती देतात. पाटी-पुस्तक सोडून माजघराच्या कोपऱ्यांत परत गेलेल्या त्या मुलींनीं ती दिली.

त्याच शारदा सदनांतील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक, गोदूबाई, यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं पुनर्विवाह केला. त्यांच्या गांवीं, मुरुडास, त्यांच्यावर बहिष्कार पडला. कर्व्यांनीं १८९६ मध्यें पुण्यांत अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगणें येथें सहा एकर जमीन दिली आणि १९०० सालीं आश्रम त्या माळावरील झोपडींत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि हिंगण्याची वाट पायीं तुडवीत. शारदा सदनाचा अनुभव त्यांच्या डोळ्यांपुढें ताजा होता. त्यांनीं त्यापासून जो धडा घेतला तो मोठा व्यावहारिक होता. स्वतः पुनर्विवाह केलेल्या या गृहस्थानें आश्रमाला पुनर्विवाहाच्या चळवळीपासून बुद्ध्या वेगळें ठेविलें. आश्रमांत पाय ठेवणाऱ्या बाईस एवढेंच मान्य असावें कीं, विधवेनें शिकावें आणि आपल्या पायांवर उभें राहावें. सोवळें, उपास, केशवपन, पुनर्विवाह यांबद्दल तिचें मत काय, हें आश्रमानें विचारलें नाहीं.

सर्वांनीं मानावयाच्या गोष्टींची यादी अशी आंखूड केल्यामुळेंच पार्वतीबाई आठवले आश्रमांत येऊं शकल्या. पार्वतीबाई या गोदूबाईंची, म्हणजे विवाहानंतरच्या आनंदीबाईंची, सख्खी बहीण. जन्म १८७० चा, कोंकणांतील. अकराव्या वर्षीं लग्न, विशीच्या उंबरठ्यावर वैधव्य, पदरीं एक मुलगा. बहिणीनें पुनर्विवाह केला. यांनीं केशवपन केलेल्या विधवेचा वेष ठेविला. वय वाढल्यावर त्या शिकल्या आणि पुढें आश्रमाच्या कामास त्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें. वर्गणी गोळा करण्यास त्या गांवोगांव जात, आणि जुन्या वळणाच्या घरांतही त्यांना आंत बोलावणें येई. डोक्यावरून लाल आलवण घेतलेली बाई विधवांच्या शिक्षणाची गोष्ट काढते, तेव्हां ती सुधारकाची टवाळी करून उडवितां येत नाहीं. हा वेष त्यांनीं १९१२ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, स्वतःच्या निर्णयानें सोडला. १९१८ मध्यें इंग्रजीचें जुजबी ज्ञान घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, प्रसंगीं लोकांच्या घरीं काम करून राहिल्या, आणि १९२० मध्यें परत आल्या. आश्रमानें पहिल्याच दिवशीं दहा मतांची कबुली मागितली असती, तर ही बाई दारांतूनच परत गेली असती. मत बदलावयाचें तें कामांत राहून बदललें.

परंतु आश्रमांत शिकण्यास येणारी आणि आश्रम चालविणारी यांच्यांत फरक आहे, हेंही कर्व्यांनीं ओळखलें होतें. चालविणारांची निष्ठा केवळ पगारावर टांगलेली असेल तर संस्था टिकत नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं भारत सेवक समाज काढला. तेथें सभासदांनीं सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या आणि पांच वर्षें उमेदवारी करावयाची अशी पद्धत होती. कर्व्यांनीं १९०८ मध्यें निष्काम कर्म मठ काढला तो याच विचाराच्या वाऱ्यांत. आपलें जीवन कार्यास वाहावें, स्वतःसाठीं द्रव्य मिळवूं नये, चरितार्थापुरतें संस्था देईल त्यांत संतोष मानावा, असा मठाचा भाव होता. विशेष असा कीं, भगवीं वस्त्रें नाहींत, संसारत्याग नाहीं. नांव मठाचें, पण काम शाळेचें आणि हिशेबाच्या वहीचें. त्या मठाच्या आणि आश्रमाच्या जोरावरच १९१६ मध्यें महिला विद्यापीठ उभें राहिलें, आणि १९२० मध्यें विठ्ठलदास ठाकरसी यांनीं दिलेल्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर त्यास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें.

येथें दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. हिंगण्याचा आश्रम आरंभीं उच्चवर्णीय विधवांसाठींच होता. केशवपन आणि पुनर्विवाहबंदी यांचा जाच त्याच जातींत अधिक होता, हें त्याचें एक कारण सांगितलें जाई. एकत्र स्वयंपाकाचा आणि लोकनिंदेचा धाक हें दुसरें. कारणें कांहींही असोत, १८५२ चें जाजम १९०० च्या झोपडींत पूर्ण उलगडलें नव्हतें, एवढें खरें. समान मूल्यांवर माणसें निवडतों असें म्हणतां म्हणतां समान जन्माचींच माणसें निवडलीं जातात, हा प्रत्येक स्त्रीसंस्थेपुढील धोका आहे. आपल्यासारखें बोलणारी, आपल्यासारखें नेसणारी बाई आपल्याच विचाराची वाटते. वेगळ्या बोलीची बाई विचारानें कितीही जवळची असली तरी परकी वाटते. कर्व्यांनाही ही उणीव जाणवली असली पाहिजे. १९४४ मध्यें, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षांच्या सुमारास, त्यांनीं समता संघ काढला, आणि मनुष्यमात्र समान या एका तत्त्वाचा प्रचार हें त्याचें काम ठेविलें. तोंवर दलित स्त्रिया कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. जुलै १९४२ मध्यें नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, आणि त्यांनीं आपलें जाजम स्वतःच अंथरलें.

सेवासदनाची कसोटी निराळी होती. १९०८ मध्यें बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें आणि रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढील वर्षीं, २ ऑक्टोबर १९०९ रोजीं, पुण्यास सेवासदन सुरू झालें. त्यांत भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे रमाबाईंचे उजवे हात होते. येथें मत विचारलें जात नव्हतें, हात पाहिले जात होते. शिवण, शिक्षकिणीचें काम आणि विशेषतः रोग्यांची शुश्रूषा हीं कामें बायकांनीं शिकावीं, असा सेवासदनाचा आग्रह होता. आज परिचारिकेच्या कामाचा मान सर्वांस कळतो. त्या काळीं मात्र परक्या पुरुषाची जखम धुणें, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढणें, हें हिंदु घरांतील बाईनें करावयाचें काम नव्हे अशीच समजूत होती. ससून रुग्णालयांत शिकण्यास पहिल्या मुली पाठवितांना सेवासदनाच्या चालकांस घरोघर समजूत घालावी लागली. परंतु जी बाई त्या खाटेजवळ उभी राहिली तिची जात, तिचें सोवळें आणि तिची भीति यांची परीक्षा तेथेंच झाली. समतेवर तिनें भाषण केलें नसेल. रोग्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला एवढेंच.

गोखल्यांच्या निधनानंतर एका वर्षानें, १९१६ मध्यें, मुंबईस भगिनी समाज निघाला. त्याच्या स्थापनेंत भारत सेवक समाजाचे करसनदास चितळिया यांचा पुढाकार होता. संस्थेनें आपल्या नांवांतच भगिनी हा शब्द घेतला, ही या इतिहासांतील एक खूण म्हणावी लागेल. चौसष्ट वर्षांपूर्वीं जें जाजमाच्या रूपानें सांगावें लागलें, तें आतां नांवाच्या रूपानें सांगतां येऊं लागलें होतें.

या साऱ्या धाग्यांचें एक टोंक आजच्या पालघर जिल्ह्यांत येऊन पोंचतें. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. वसई आणि डहाणू हे दोन्ही तालुके आतां त्यांत आहेत. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. वडील प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, शिक्षण उत्तम, राजकोटच्या स्त्री-अध्यापक विद्यालयाचें प्रमुखपद भूषविलेलें. तें सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामांत गेल्या आणि १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढें मुंबईस दादरला त्यांनीं शिशुविहार चालविला. पण शहरांतील पांढरपेशा मुलांची बालशाळा म्हणजे देशांतील बालशिक्षण नव्हे, हा विचार त्यांना स्वस्थ बसूं देईना.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षीं लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं जन्मल्या असत्या तर त्यांचें आयुष्य माजघरांत संपलें असतें. परंतु मध्यंतरीं आश्रम, सदन, समाज यांनीं वाट पाडून ठेवली होती. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यास हुजूरपागेंत नोकरीस लागल्या, आणि नोकरी करतां करतां रात्रशाळेंत बसून १९३७ मध्यें मॅट्रिक झाल्या. १९४४ मध्यें आगाखान राजवाड्यांत कस्तुरबांचें निधन झालें. त्यांच्या स्मरणार्थ एक कोटीहून अधिक रुपयांचा निधि जमला आणि तो खेड्यांतील स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं खर्च करावा असें ठरलें. त्या कामाकरितां ग्रामसेविका तयार करण्याचें शिबिर १९४५ मध्यें बोरिवलीस भरलें. अनुताई त्या शिबिरांत आल्या आणि तेथेंच त्यांची व ताराबाईंची गांठ पडली. एकीचें वय त्रेपन्न, दुसरीचें पस्तीस.

बोर्डीच्या खेड्यांत बालशाळा काढावयाची होती आणि ताराबाईंना सोबतीण पाहिजे होती. तेथें मोठा पगार नव्हता, प्रतिष्ठा नव्हती, शहराची सोय नव्हती. ज्या शिबिरार्थिनींनीं पाठ उत्तम घेतले असतील त्यांतील एखादी निवडतां आली असती. पण अशा कामाची निवड पाठावरून होत नाहीं. यावयास कोण तयार आहे, हाच खरा प्रश्न असतो. आणि अनुताई तयार झाल्या. त्याच वर्षीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालें. पुढें पुण्यास परतावें असें अनुताईंच्या मनांत आलें असतें तर कोणी अडविणार नव्हतें. त्या राहिल्या. १९५० मध्यें त्या पदवीधर झाल्या. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें तेव्हां त्याही टेकडीवर गेल्या. आणि १९७३ मध्यें ताराबाईंचें निधन झाल्यावर तें सारें काम त्यांनीं पुढें नेलें. १९९२ मध्यें त्यांचें निधन झालें. ताराबाईंच्या अखेरीपर्यंत अठ्ठावीस वर्षें टिकलेली ही सोबत ना रक्ताची, ना शपथेची.

या दोघींच्या कामांत जाजमाचा प्रश्न पुन्हां एकदां निराळ्या रूपानें उभा राहिला. बोर्डीच्या बालवाडींत हरिजन आणि आदिवासी वस्तींतील मुलें येईनात. दार उघडें होतें, फलकावर मज्जाव नव्हता. तरीही तीं येईनात. तेव्हां ताराबाई आणि अनुताई यांनीं शाळाच उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली, आणि अंगणवाडी जन्मास आली. जीं मुलें गुरें राखण्यास रानांत जात त्यांच्यामागें त्या कुरणांत गेल्या, आणि कुरणशाळा झाली. दार उघडें ठेवणें पुरेसें नसतें. ज्यांना आजवर दार दाखविलेंच नाहीं त्यांच्या अंगणांत स्वतः जावें लागतें, ही शिकवण डहाणूच्या वारली पाड्यांतून सबंध देशास मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. अंगणवाडी सेविका शक्यतों त्याच गांवची असावी, हा नियमही त्याच अनुभवाशीं जुळणारा आहे. परगांवची हुशार बाई मुलांना शिकवूं शकेल. पण कोणत्या घरांतील मूल आज उपाशी आहे, हें पाड्यावरची बाई न सांगतां ओळखते.

आज वसई-विरारमध्यें आणि भोवतालच्या गांवांत स्त्रियांच्या एकत्र येण्याचें सर्वांत परिचित रूप म्हणजे बचतगट. दहा ते वीस बायका, ठरलेली बचत, ठरलेली बैठक. गटानें पाळावयाची पंचसूत्री सर्वत्र एकच सांगितली जाते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यांत मोठीं तत्त्वें कोठेंच दिसत नाहींत. परंतु नीट पाहिलें तर पार्वतीबाईंच्या आश्रमाचें आणि रमाबाईंच्या सेवासदनाचें सारच या पांच ओळींत उतरलें आहे. सचोटी मानतेस काय, असें गट विचारीत नाहीं. हप्ता वेळेवर भरतेस काय, असें विचारतो. विश्वास आहे काय, असें विचारीत नाहीं. वही उघडून दाखवितो. आणि नवी बाई घ्यावयाची तर तिच्या जातीचा वा बोलीचा प्रश्न पंचसूत्रींत कोठेंही येत नाहीं. तो आला तर तो गटाच्या नियमांतून नव्हे, जुन्या संवयींतून येतो. मोठ्या शहरांत, जेथें एका इमारतींत दहा जिल्ह्यांचीं आणि पांच भाषांचीं माणसें राहतात, तेथें या संवयीकडे गटांनीं अधिक सावधपणें पाहिलें पाहिजे. ओळखीच्याच चार घरांतून सभासद घेणें सोपें असतें. त्याच इमारतींतील, कोणाच्याच ओळखीची नसलेली, नुकती राहावयास आलेली बाई मात्र अशा वेळीं बाहेर राहते. आणि बहुधा गटाची गरज तिलाच सर्वांत जास्त असते.

पावणेदोनशें वर्षांच्या या प्रवासांतून नव्या सोबतिणी निवडणाऱ्या कोणत्याही स्त्रीसंस्थेस चार गोष्टी घेतां येतात. ज्या तत्त्वावर एकत्र यावयाचें तें दाराशींच, सर्वांस एकाच अर्थानें कळेल असें सांगावें. शारदा सदनाची शोकांतिका तेथेंच सुरू झाली. तत्त्वें थोडीं ठेवावीं आणि बाकीच्या मतांस वाढावयास अवकाश द्यावा. नाहींतर पार्वतीबाई बाहेर राहतात. पारख बोलण्यावर न करितां कामावर करावी, आणि त्यासाठीं दोन्ही बाजूंस वेळ द्यावा. धर्मभगिनींचे संघ तो देतात आणि ससूनच्या खाटेनेंही तो दिला. आणि शेवटीं, जी आली नाहीं ती कां आली नाहीं, याचा शोध घ्यावा. ती नालायक होती म्हणून आली नाहीं, असें समजणें सोयीचें असतें. पण बोर्डीच्या अनुभवानें दाखविलें तें निराळेंच. पुष्कळदां जाजम तिच्या अंगणापर्यंत पोंचलेलेंच नसतें. १८५२ च्या संक्रांतीस पुण्यांत तें प्रथम अंथरलें गेलें. तें आणखी पुढें उलगडणें, हें त्यावर आज बसलेल्या प्रत्येकीचें काम आहे.